हवा सोडून पाठवलेली गाडी

आप्पा,

जहाज आफ्रिकेतल्या मोंबासा बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभं आहे. आज दुपारी डॉक्टरांनी फोन करून सांगितलं. त्यांनी तिथल्या एजंटाच्या कचेरीत स्वतः जाऊन खात्री करून घेतली होती. धक्का रिकामा नाही म्हणून आजचा दिवस थांबायचं, उद्या सकाळी आत घेणार. एवढं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग म्हणाले, आणखी एक गोष्ट आहे. वाटेत समुद्र खवळलेला होता. खालच्या डेकवरच्या काही गाड्यांच्या साखळ्या ढिल्या पडल्या आणि त्या एकमेकींवर आपटल्या, असं जहाजावरून एजंटाला कळवलंय. कुठल्या गाड्या, ते कळवलेलं नाही. आपली गाडी खालच्याच डेकवर आहे.

गाडी म्हणजे चाकांवरचा डोळ्यांचा दवाखाना. बसच्या चासीवर आपण बॉडी बांधली. आत ऑपरेशनचं टेबल आहे आणि वर छताला टांगलेला मोठा सूक्ष्मदर्शक. ती बनवून घेणारे डॉक्टर मूळचे गारगोटीचे. त्यांच्या वडिलांच्या ट्रकची बॉडी तुम्ही बांधली होती, म्हणून ते तिकडून थेट आपल्या शेडमध्ये आले. ते जिथं काम करतात तिथल्या खेड्यांतून ऑपरेशनचं टेबल गाठायला अख्खा दिवस लागतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला तो अख्खा दिवस कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. पहिल्या शिबिराला लोकांना बोलावून झालंय. गाडी मोडून उतरली तर तिकडं दुरुस्त करणारं कुणी नाही, आलेल्या माणसांना तसंच परत पाठवावं लागेल. हे डॉक्टर मला एकदाच म्हणाले. पुन्हा कधी म्हणाले नाहीत, पण मी रोज ऐकते आहे.

कच्च्या रस्त्यावर तो सूक्ष्मदर्शक हादरू नये म्हणून गाडी हवेवर घेतली. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडची प्रत्येक गाडी लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर चालत होती. या गाडीत पाट्यांच्या जागी जाड रबराचे फुगे आहेत. इंजिन चालू झालं की त्यांत हवा भरते आणि गाडी सावकाश उचलली जाते. इंजिन बंद करून बरेच दिवस ठेवली की तितक्याच सावकाश खाली येते. रस्त्यावर यानं काही बिघडत नाही. जहाजावर बिघडतं. गाडी उचललेली असताना साखळ्या कितीही ताणून बांधा, वाटेत हवा उतरली की गाडी चार बोटं खाली येणार आणि त्याच साखळ्या लोंबायला लागणार. मग जहाज कलेल तशी गाडी सरकणार, फुगे चिमटणार, फाटणार. म्हणून हवा आपणच आधी सोडायची, चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून गाडी त्यांच्यावर टेकवायची, आणि मग बांधायची. चासी बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनं मला फोनवर हेच सांगितलं होतं. मला ते पटलं. मिस्त्रीकाकांना पटलं नाही, आणि त्याला कारण तुम्ही.

बसलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, ही तुमची रीत. पूजा झाली, हार चढला, तरी तुम्ही हातातली काठी घेऊन चारी चाकांच्या कमानींपाशी वाकायचा, आणि चारी ठिकाणी माप एक भरल्याशिवाय किल्ली द्यायचा नाहीत. मी शेडमध्ये यायला लागले तेव्हा ते काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. गगनबावड्याकडच्या एका माणसाची बस होती. त्याचं सगळं घर आलंय, बायका दाराशी ओवाळायला थांबल्यात, नारळ फुटलाय. मी काठी लावते आणि तुम्हाला हळूच सांगते की मागची डावी बाजू अर्धं बोट खाली आहे, पण चालेल. तुम्ही माझ्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "अर्धं बोट म्हंजे किती, ते घाटातल्या वळणावर कळंल. घ्या गाडी आत." पाहुण्यांना चहावर चहा पाजत बसवून ठेवलंत आणि मिस्त्रीकाकांनी पाटा बदलला. बस गेली तेव्हा दिवस मावळायला आला होता.

त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. अव्वानं तुमच्या ताटात भाकरी वाढली, शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली की पोरीनं मुद्दाम केलंय व्हय ते. तुम्ही म्हणालात, "मुद्दाम केलं असतं तर बोललोच नसतो. घरी बसवली असती." त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आठवडाभरानं तुम्ही माझ्यापुढं बूट ठेवलेत. शेडमध्ये घालायचे, पुढं लोखंडी वाटी असलेले. बाईच्या मापाचे तसे बूट तेव्हा कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळत नव्हते. चपला शिवणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसाकडून तुम्ही मागं लागून शिवून घेतले होते. तो म्हणे तुम्हाला हसला होता. ते बूट बघितल्यावर लागला अर्थ.

मिस्त्रीकाका तुमचेच. केस पांढरे झालेत, बाकी आवाज तोच. ही हवेची गाडी शेडमध्ये आली तेव्हा त्यांनी तिला आठ-दहा दिवस हातच लावला नाही. नंतर मात्र तीच त्यांची झाली. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर शेड उघडलं तर गाडी एका अंगाला कललेली. मी त्यांना सांगितलं की हवेची गाडी अशी बसतेच. त्यांना ते लागलं. साबणाचं पाणी घेऊन ते गाडीखाली शिरले. प्रत्येक सांध्याला फेस लावून बुडबुडा शोधत राहिले, आणि जिथं सापडला तिथला सांधा उघडून पुन्हा बसवला. त्यानंतर गाडी बरेच दिवस तशीच ताठ उभी राहिली. ते दर सकाळी काठी लावून बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की बघा, हाललीय का. अशा माणसाला मी म्हणत होते की हवा आपणच सोडून देऊ. कंपनीच्या इंजिनिअरचं सांगितलं तर म्हणाले, त्या पोराला फोनवर बोलाय काय जातंय. कोल्हापूर सोडेपर्यंत आमचं एकमत झालं नाही. बाभळीचे ठोकळे मी कापून घेतले होते, तेही त्यांनी मुकाट्यानं गाडीत टाकले, पण कापडात गुंडाळून, वापरायचे नसल्यासारखे.

मुंबईला आम्ही गाडी चालवतच नेली. बंदरात पास काढून दोघंही जहाजाच्या पोटात गेलो. जहाजात शिरायच्या उतारावर गाडीचं मागचं पोट घासू नये म्हणून तिथवर ती पूर्ण उचललेलीच हवी होती, तशी ती दिमाखात चढली. मिस्त्रीकाकांनी आत नेऊन जागेवर लावली आणि खाली उतरून तिच्याकडे बघत उभे राहिले. आत गरम होतं, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि साखळ्या बांधणाऱ्या लोकांच्या मुकादमाला घाई होती. त्यानं साखळी ओढायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं, म्हटलं की आधी हवा सोडायची आहे. मिस्त्रीकाका म्हणाले की काही सोडायची नाही, बांध तू. मुकादम एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघतोय. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजतायत. तो म्हणाला, मॅडम, तुमचं घरातलं भांडण घरी मिटवायचं होतं, नाहीतर मी आपला बांधून मोकळा होतो.

"पावणं, जरा दम खावा की," मिस्त्रीकाका त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळले. "ताई, मालक असते तर अशी बसवून दिली असती व्हय गाडी? तुमीच सांगा."

आप्पा, मला तिथं इंजिनिअरचं नाव घेऊन उपयोग नव्हता. मुकादमाच्या माणसानं साखळीचा आकडा चासीत अडकवलेला होता. मी म्हणाले, "आप्पांनीच सांगितलंय. पाण्यावरनं जायची गाडी बसवूनच धाडायची."

त्यांनी मुकादमाला हातानं थोपवलं. मग म्हणाले, "मालक? कवा? आपण पाण्यावरनं गाडी धाडलीय कवा?"

"धाडली नाही म्हणून तर सांगून ठेवलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे किती वेळ बघितलं, मला सांगता येणार नाही. मी नजर हलवली नाही, कारण हलवली असती तर सगळं संपलं असतं. मग त्यांनी गाडीतून ठोकळ्यांचं गाठोडं काढलं, खाली पुठ्ठा पसरला आणि त्यावर पाठ टेकून आत सरकले. मी वरून हवा सोडत होते. गाडी खाली येते तेव्हा फुस्स असा आवाज होतो. ठोकळे त्यांनीच बसवले, हातोड्यानं ठोकून, पुन्हा पुन्हा हात लावून बघत. गाडीची उंची राखणारी दांडी सोडवून बांधून ठेवली, म्हणजे साखळ्या असताना कुणी चुकून इंजिन चालू केलं तरी गाडी वर झेप घेणार नाही. मग साखळ्या. मुकादमाची माणसं जिथं एकदा ताणत होती तिथं त्यांनी दोनदा ताणायला लावली, आणि वर त्यालाच विचारलं की पावणं, घरात म्हैस बी अशीच बांधता काय. मी स्टेअरिंगला इंग्रजीत लिहिलेला मोठा फलक बांधला: आधी साखळ्या सोडा, मगच इंजिन.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीपाशी बसले होते. कराड आलं. मग अचानक म्हणाले, "मला बी म्हणलेले मालक एकदा. आता आठवतंय." मी बाहेर बघत राहिले. त्यानंतर आठ दिवसांत शेडमधल्या सगळ्यांना ते कळलं. नव्या फिटरांना ते सांगतात की मालक लांबचं बघणारा माणूस होता, पाण्यावरच्या गाडीचंसुद्धा सांगून गेला. कुठं सांगितलं तेही ते सांगतात. सांगलीला टायर आणायला गेलेलो, तिथं एका हॉटेलात, चहा पिताना. परवा तर तुम्ही त्या दिवशी काय खाल्लंत तेही त्यांनी सांगितलं.

आज डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ते शेजारीच उभे होते. मी खालच्या डेकचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की आपली सुटायची न्हाय, मालकांनी सांगितल्यागत बांधलीय. मग बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ हात धूत बसले. अव्वानं घरी आल्या आल्या विचारलं की उतरली का गं गाडी. मी म्हटलं, उद्या.

तुम्ही काय म्हणाला असता ते मला खरंच माहीत नाही. इंजिनिअरचं बरोबर आहे असं मला आजही वाटतं, पण दुपारपासून मी त्या चार ठोकळ्यांचाच विचार करते आहे. ते पुरेसे रुंद होते का, एखादा निसटला असेल का, आणि निसटला असेल तर तो कुणाच्या सांगण्यावरून घातला होता. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. गाडी धड उतरली तर मिस्त्रीकाकांना मी खरं सांगणार नाही. ते तुमचं म्हणूनच राहील, सांगलीच्या चहासकट. मोडून उतरली तर मात्र डॉक्टरांशी पुढचं काही बोलायच्या आधी मला त्यांना सांगावं लागेल की आप्पा असं कधीच म्हणाले नव्हते, ते माझं होतं.

उद्या तिकडं सकाळी जहाज धक्क्याला लागेल. डॉक्टर स्वतः आत जाणार आहेत. साखळ्या सोडतील, दांडी जोडतील, इंजिन चालू करतील आणि गाडी उचलली जायची वाट बघतील. ठोकळे मोकळे झाले की काढतील, मग उतारावर घालतील. आपल्याकडं तोवर दुपार होईल. मिस्त्रीकाका सकाळपासून फोनजवळ बसणार आहेत. फोन मीच उचलायचा, असं मी त्यांना बजावून ठेवलं आहे.