वॉर्निंग झाकायची ओळ

वसई,
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय केविन,

येशूची कृपा तुझ्यावर, मार्थावर आणि मुलांवर असो. इथे सगळं ठीक. काल चर्चमध्ये पप्पांची महिन्याची मिस्सा झाली. आल्बिना आत्या आली होती, तुझी चौकशी केली.

तुझं पत्र मिळालं. बाप गेल्याचं नऊ दिवसांनी परक्याकडून कळलं, गावाची वेबसाइट सांभाळतेस तरी कशाला, असं विचारलंस. ऐक मग.

आपल्याकडे मयताचा निरोप द्यायला माणूस दारोदार फिरतो. तो मस्कतला कसा पोचणार, म्हणून साइट तूच काढलीस. मी नाव टाकलं की परदेशातल्या सगळ्यांना आपोआप ईमेल जायचा. नोव्हेंबरात सर्व्हरवाल्यांनी नवं सॉफ्टवेअर चढवलं आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर वॉर्निंगच्या ओळी आल्या. लोक हसायला लागले. तुला तीनदा विचारलं, तू एकदाच उत्तर दिलंस: "अगं, नुसती वॉर्निंग आहे, एरर नाही. ही ओळ टाक, दिसायची बंद होईल." मी टाकली. पान स्वच्छ झालं. ईमेल जात नाहीत हे सांगणारी वॉर्निंगही त्यातच झाकली गेली.

इथवर दोष निम्मा तुझा, निम्मा माझा. पुढचं लिहायचं मी तीन दिवस टाळतेय.

पप्पांच्या आठवडाभर आधी क्लेमेंटीन मावशी वारल्या. त्यांच्या मुलाला दुबईत ईमेल मिळालाच नाही. म्हणजे ईमेल जात नाहीत हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी पप्पा गेले तेव्हा मी साइटवर नाव टाकलं आणि गप्प बसले. फोन समोरच होता. आत्याने विचारलं, "केविनला कळवलंस ना गं?" मी म्हटलं, "कळवलं. त्याला यायला जमत नाही." गाव तेच धरून बसलं.

कारण हवंय? डिसेंबरात पप्पा तुझ्यासाठी झुरत होते म्हणून फोन केला, तर म्हणालास, "प्रत्येक खोकल्याला विमानाचं तिकीट काढू का?" स्पीकर चालू होता, केविन. त्यांनी ऐकलं. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही, आणि मी तुला माफ केलं नाही.

आज सकाळी आत्याकडे जाऊन खरं सांगितलं. चहा तसाच टाकून ती आत निघून गेली. तू नावं ठेवशील ते मला मान्य आहे. पश्चात्तापही होतो. पण तीच वेळ पुन्हा आली तर फोन लावीन, असं लिहायला हात धजावत नाही.

तुझ्या वाटची मूठभर माती टाकून आलेली,
तुझी बहीण
फेलिशिया