झेंड्यामागची जागा

अरुशा, टांझानिया
२७ मार्च १९९८

प्रिय वांगेलियाताई,

परवा पंचवीस तारीख, तुझ्या नावाचा सण. सकाळपासून फोन लावत होते, लाइन काही लागली नाही. तेव्हा आता पत्रातूनच घे: उदंड जग, आणि गुडघ्याला तेल चोळत जा. माझं बरं चाललंय. गोळ्या घेते, विचारू नकोस.

ग्रीसहून, लेम्नोस बेटावरून धाडलेलं तुझं पत्र पोचलं. माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, खिडकीतून समुद्र दिसतो, सगळं वाचलं. त्याचं मग लिहिते. आधी इथली गंमत ऐक.

यंदा खारवलेला कॉड मासा आलाच नाही. नैरोबीच्या दुकानदाराने ऐन वेळी हात वर केले. ईस्टरआधीच्या उपवासात मासा चालतो अशा दोन दिवसांतला हा एक, त्यात ग्रीसचा स्वातंत्र्यदिन, आणि ताटात मासा नाही? मग मी व्हिक्टोरिया सरोवरातला ताजा मासा आणला, मिठात पुरला, आणि रीतीप्रमाणे पाण्यात भिजवून, पाणी बदलत बदलत तेच मीठ काढत बसले. शेजारची रेहेमा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आधी मीठ लावता, मग तेच धुऊन काढता. तुम्हाला घरात दुसरी कामं नाहीत का?" तिला काय सांगणार? आई अशीच पाणी बदलत बसायची, आणि आपण दोघी बाजूला कविता घोकत असायचो. मासा चिवट झाला. लसणीचं वाटण मात्र थेट आईच्या हातचं.

इथल्या ग्रीक क्लबात आम्ही मोजकी म्हातारी माणसं. मूल एकही नाही. मग स्वातंत्र्यदिनाचा झेंडा कोण धरणार? वर्गात पहिला येईल त्याने धरायचा, हा आपल्या शाळेचा नियम. दरवर्षी तूच पहिली यायचीस, आणि मी तुझ्या वेणीकडे बघत मागून चालायचे. काय जळायचे मी तुझ्यावर! तर आपला अध्यक्ष पांडेलिस मला म्हणाला, "स्तामातिया, तूच धर. आम्ही बाकीचे सगळे नापासांतले."

मी धरला, ताई. दारापासून मंचापर्यंत चालले. काठी किती जड असते गं, कधी बोलली नाहीस. राष्ट्रगीताची कॅसेट अडकली, म्हणून आम्हीच गायलो, जसं जमेल तसं. मध्येच सवयीने मी तुझी वेणी शोधायला मान वर केली. समोर नुसती भिंत. 

तर ती खोली.

तुला आठवतं, मी एकदा मार्चमध्ये तिकडे आले होते? बंदरावर मिरवणूक झाली, पोरं च्युइंगम चघळत चालली, लोक टाळ्या वाजवून जेवायला घरी गेले. मी रडत होते. तुला वाटलं, मायदेश बघून ऊर भरून आला. तसं नव्हतं. मला या क्लबची आठवण येत होती. इथे असले की ग्रीससाठी जीव तुटतो, आणि तिथे आले की इथल्यासाठी. इथे निदान माझ्यासारखा जीव तुटणारी चार माणसं तरी आहेत.

मी येणार नाही, ताई. खोली कुणाला तरी देऊन टाक.

सरकारने आपला घायपाताचा मळा घेतला, त्या दिवशी तू म्हणाली होतीस की या मातीला पुन्हा पाय लावणार नाही. बाबांचा मळा गेला, मला ठाऊक आहे. तुझ्याइतकंच मलाही लागलं. पण बाबा आणि आई इथेच आहेत, त्यांच्या थडग्यावर मी दर रविवारी दिवा लावते, आणि दोघींच्या वाटचा मी एकटीच लावते.

तू ये ना. किती वर्षं मला बोलावतेस, आता एकदा मी बोलावते. कॉड तिकडून आण, खरा. पुढच्या वर्षी पंचवीस मार्चला झेंडा तू धर. मला आता तो नको, हौस फिटली. तुझ्या मागची जागा मी कुणाला दिलेली नाही.

तुझ्या दोन पावलं मागे,
स्तामातिया