बरणी उघडेल एवढी मूठ

ती. ताईंना,

नमस्कार. मागच्या पत्रातला नमस्कार एका हाताचा होता, हा दोन्ही हातांचा आहे. (उजव्यावर दिवसरात्र घट्ट हातमोजा असतो, पण तळवे जुळतात.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिने टाळत असाल अशी आशा आहे, खात्री नाही.

तुम्ही फोनवर 'येऊ का?' विचारलंत आणि मी 'नको' म्हटलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. खरंच इथे काही अडत नाही. तुमची धाकटी बहीण गेल्यावर मी पहिल्यांदाच तळण करायला घेतलं, तेल पेटलं, आणि मी पेटती कढई उचलून नळाकडे निघालो. (का, ते अजून सांगता आलेलं नाही. सर्जननी विचारणं सोडून दिलं.) त्यांनी हाताची जळालेली कातडी काढून आधी कृत्रिम त्वचेचा पातळ थर बसवला आणि तो रुजल्यावर त्यावर माझ्याच मांडीची कातडी लावली. मांडीला बसायची सवय, त्यामुळे सुरुवातीला हातही नुसता बसूनच असायचा.

मग हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाजाने हेडमास्तर. "काका, दुखतंय?" "नाही." "मग तुम्ही नीट करत नाही आहात." या हाताने काय करायचंय, असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. बाकीचे लोक म्हणे सही किंवा शर्टाची बटणं सांगतात. मी म्हटलं, साखरेची बरणी उघडायची आहे. हिने ती शेवटची बंद केली होती, आणि हिचं झाकण लावणं तुम्हाला माहीतच आहे. स्वयंपाकघरात माझ्याकडे तेवढं एकच काम होतं, तिने लावलेली झाकणं उघडायचं. ते दुसऱ्या कुणाला द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून बिनसाखरेचा चहा पीत राहिलो. शेजारच्या सुतारकाकांनी मला मधुमेह झाल्याचं ठरवून सगळ्या मजल्यांवर कळवलं, आणि लोक माझ्याकडे पाठ करून गोड खाऊ लागले. खरं कारण कळल्यावर सुतारकाका पक्कड घेऊन आले. मी बरणी कपाटात कुलूपबंद केली.

या लोकांचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. माझी बोटं वाकवून बघताना सर्जनची स्वतःची बोटंही नकळत वाकतात. बाई रोज तेल लावून माझा हात चोळतात. हिच्यानंतर तो कुणी हातात घेतला नव्हता. शिवाय त्या ओरडतातही, त्यामुळे घरच्यासारखं वाटतं. तेव्हा काळजी नसावी.

तुमच्या धाकटीचा नवरा

ता. क. बरणी काल उघडली. झाकण फिरलं. आत साखरेचा दगड झाला होता. खरवडून चहात घातली. फार गोड झाला. सगळा प्यायलो.

ता. क. (दुसरा) आता रोज घट्ट झाकणं उघडायची, असा बाईंचा हुकूम आहे. मी लावलेलं करंगळीनेही निघतं. सुतारकाकांनी लावलेलं म्हणजे नुसतं वर ठेवलेलं. हिच्यासारखं लावणारं आता एकच माणूस उरलं आहे. तरी फोनवरचं 'नको' रद्द समजावं आणि यावं. येताना काही आणू नका. बरण्या पुष्कळ आहेत, सगळ्या उघड्या पडल्या आहेत.