वर्षाच्या आत

आई, सगळ्यात आधी आली ती समोरच्या घरातली नागपूरची सून. चपला काढायच्या आधीच ओरडली, "आजी, उरकलं त्यांनी लग्न!" मागोमाग माझी नात. दोघी मिळून एक इंग्रजी कादंबरी वाचतात, जुन्या विलायतेतली, आणि शनिवारी मला मराठीतून सांगतात. मी पोहे करते. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात पोहे छान मिळतात हो, कढीपत्त्याची कुंडी मात्र थंडीत घरात घ्यावी लागते, तान्ह्या पोरासारखी. तर काय सांगत होते?

त्या गोष्टीत एका पोरीचा बाप गेलाय, डोक्यावरचं छप्पर जायची वेळ. आणि एक सरदार, बायको असल्याशिवाय त्याला आजोबांची इस्टेट मिळत नाही. झालं, घाईघाईत लावलं लग्न. प्रेमबिम काही नाही. नात म्हणते, "सो सॅड, आजी! ओळख नाही, काही नाही!"

मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, माझं काय वेगळं? बाबा गेले. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तिकडे तुझ्या आजोबांची आई अंथरुणाला खिळलेली, रांधायला कुणी नाही. दोघांचीही अडचण भागली."

नागपूरची म्हणाली, "म्हणजे तुमचंच पुस्तक झालं की, आजी!"

नात मात्र हसली नाही. "तुझी आई रडली असेल ना गं?"

रडलीस की तू. चुलीपाशी बसून माझ्या केसांना तेल लावत होतीस. "घाईत ढकलतेय गं तुला." पुढे मी माहेरी आले की दर वेळी तेच, "खरंच बरी आहेस ना?" मी बरी आहे म्हणायचे, तुला पटायचं नाही. तो घोर घेऊनच गेलीस.

हे बघायला आले तो दिवस आठवतो? मोठी माणसं आत बोलतायत, बाबांची सायकल दारात पंक्चर होऊन पडलीय. हे उठले, इस्त्रीच्या कपड्यांनी मातीत बसले नि पंक्चर काढायला लागले. मी खिडकीतून बघतेय.

हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत? नातीलाही दाखवणार नाही, चिडवेल. आई, मला ते तेव्हाच आवडले होते. सुतकी घरात, तुझ्या मोकळ्या कपाळासमोर, कुठल्या तोंडाने सांगणार होते? तू घाई केलीस म्हणून रडत होतीस, आणि मला धास्ती, लग्नाआधीच वर्ष सरून गेलं तर!

पोरी पुढचं सांगायला शनिवारी येणार आहेत.