एक जाहिरात, एक मृत्युलेख

४ मार्च

ती. ताई,

सा. न. वि. वि. आज घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

कायमची नोकरी धर, हे तुझं पालुपद याही पत्रात होतंच. गेल्या महिन्यात मी गवत कापायच्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिली, दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवरचा मजकूर लिहिला आणि निवृत्त होणाऱ्या एका हेडक्लार्कसाठी निरोपाचं भाषण लिहिलं. हसू नकोस, पण त्यांना त्यात स्वतःलाच रडू येईल अशी एक जागा हवी होती. ती मी दिली. अशी कामं करून मी सुखात होते गं. सोमवारपर्यंत.

सोमवारी एक गृहस्थ आले. शर्टाची इस्त्री इतकी कडक की बसताना मोडेल असं वाटावं. मी मनात त्यांचं नाव इस्त्रीच ठेवलं. त्यांची आत्या वारली होती. तीन कामं एकदम दिली: आत्याच्या घराच्या विक्रीची जाहिरात, तिच्यावर वर्तमानपत्रात छापायला मृत्युलेख, आणि सांत्वनाला येणाऱ्यांना पाठवायचं आभारपत्र. आई-बाप गेल्यावर या आत्यानेच त्यांना वाढवलं. बाई पोहायला शिकवायच्या, गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली पोहल्या. समुद्रावर सहलीला गेल्या आणि पोहता पोहता गेल्या. ज्या पाण्यावर जीव लावला त्याच पाण्याने जवळ केलं, असं काहीतरी शेवटी टाका, म्हणाले. तारखेची जागा कोरी ठेवायला सांगितली. नातेवाईक दूरदूरचे आहेत, सगळ्यांना कळवून झालं की ती भरू, म्हणाले.

लेख छान उतरला होता. फक्त बाईंनी आपला पोहण्याचा तलाव कोणत्या साली सुरू केला ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी दिलेल्या तलावाच्या जुन्या माहितीपत्रकावर घरचा फोन नंबर होता. म्हटलं घरात कोणी नातलग असेल, विचारू. खालच्या औषधाच्या दुकानातून लावला.

फोन बाईंनी उचलला.

मला वाटलं, बहीण वगैरे असेल. नाव विचारलं तर खणखणीत आवाजात मृत्युलेखातलंच सांगितलं. कशाला विचारतेस म्हणाल्या. मी सुचेल ते बोलले, तलावावर लेख लिहितेय म्हटलं. खूश झाल्या. भेटायला ये म्हणाल्या, पण महिनाअखेरीला नको, कारण भाचा समुद्रावर नेणार आहे, किती वर्षांनी आठवण झाली पोराला!

ताई, रिसीव्हर ठेवून मी तिथेच स्टुलावर बसले. औषधवाल्यांनी पाणी दिलं. मी काय करू?

तुझा लोभ आहेच. आज तो जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
धाकटी


७ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आशीर्वाद. आणि त्यासोबत कान पिळलाय असं समज.

पत्र वाचून पहिला विचार आला तो लिहिते: यात पडू नकोस. कागद परत कर, तब्येत बरी नाही म्हण आणि इकडे निघून ये. दुसरा विचार असा की माणूस वेडसर असेल. आपली माणसं मरायच्या आधी रडून घेणारे असतात. हे वाक्य मी तीनदा वाचलं, पण माझं मलाच पटलं नाही.

तुझ्या मेव्हण्यांना विचारलं. ते म्हणाले, घर विकायचं तर घेणारा मृत्यूचा दाखला मागणारच. म्हणजे तो दाखला यांना लागणार. आणि बाई तर फोनवर बोलतायत. एवढं बोलून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही. म्हणाले, बहुतेक गिऱ्हाईक घाईत असेल, म्हणून याने सगळं आधीच लिहून तयार ठेवायला घेतलंय.

पोलिसांत जाऊन काय सांगणार? की एकाने छान लेख लिहून घेतला? हसतील आपल्याला.

माहितीपत्रकावरचं ते गाव इथून बसने जवळ आहे. तुला मी जाऊ देणार नाही, तुझा चेहरा त्या माणसाला माहीत आहे. आमच्या शाळेला परीक्षेआधीची सुट्टी लागली की मी जाते. घर बघायला आलेली बाई म्हणून जाईन. तुझ्या लेखाची एक प्रत लगेच पाठव.

कडी लावून बस. उगाच शूरपणा नको. माझी माया आहे तशीच आहे, तिच्यावर भरवसा ठेव.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताई,

सा. न. वि. वि. एका दमात सांगते.

काल ते आले. दार वाजलं तेव्हा मी भाषणवाल्या हेडक्लार्कांची वाट बघत होते, म्हणून न विचारता उघडलं. इस्त्री तशीच कडक. खुर्चीवर बसले, टेबलावरचे माझे कागद सरळ केले, कडा जुळवल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले की तुम्ही फोन केला होता. आत्याने सांगितलं, कोणी मुलगी तलावावर लेख लिहितेय म्हणून.

आत्याने सांगितलं! आपली आत्या मेलेली आहे असं मला सांगितल्याचं त्यांनी नाकारलंही नाही. ती आजारी आहे, डोक्याने ठीक नाही, म्हणून सगळं तयार ठेवतोय, असं म्हणाले. मी मान हलवली. हलवायची थांबेना.

उठताना त्यांनी विचारलं, तुम्ही इथे एकट्याच राहता ना, कोणासाठी ना कोणासाठी लिहीत असता, तुमच्यावर दोन ओळी लिहायच्या झाल्या तर कोण लिहील? हसत विचारलं. मी म्हटलं माझी ताई लिहील. तोंडातून निघून गेलं. तुझं नाव-गाव सांगितलं नाही, देवाशपथ. पण ताई आहे, हे आता त्यांना माहीत आहे.

लेख त्यांना देऊन टाकला. भीतीने दिला, खोटं कशाला बोलू. तुझ्यासाठी प्रत सोबत आहे. जिन्यात पाऊल वाजलं की पेन थांबतं. दातांच्या डॉक्टरांची पाटी पुन्हा लिहायची होती, तिच्यात ‘वेदनारहित’ शब्द दोनदा चुकला.

जाऊ नकोस, असं लिहायला बसले होते. पण बाईंचा आवाज कानातून जात नाही. जा. पण मेव्हण्यांना घेऊन जा.

लोभ कर, आणि जपून कर.

तुझी,
धाकटी


१६ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आम्ही दोघं धडधाकट परत आलो, हे आधी वाच, मग पुढचं.

डोक्याने ठीक नाहीत म्हणे! बाईंनी दारातच माझ्या खांद्यांकडे बघून मला पोहता येत नाही हे ओळखलं आणि या वयात लाज कशी वाटत नाही म्हणून झापलं. घर बघायला आलोय म्हटल्यावर दार अडवून उभ्या राहिल्या. हे घर विकायचं आहे असं कोण म्हणतं, विचारलं. तुझे मेव्हणे जाहिरातीचं सांगू लागले तर त्यांनी आम्हाला बाहेरच काढलं. माझ्या पोरावर आळ घेता, म्हणाल्या. फाटकापर्यंत पाठोपाठ आल्या.

मग मी तुझा लेख पुढे केला. घेईनात. मी फाटकात उभी राहून मोठ्याने वाचायला लागले, रस्त्यावर माणसं थांबतील म्हणून माझाच आवाज कापत होता. भाचा लहानपणी तलावात बुडत होता, त्यांनी कपड्यांनिशी उडी मारून त्याला काढलं आणि दोघांनी ते घरात कोणाला सांगितलं नाही, असं तू लिहिलं आहेस ना, तिथे मी आले. बाईंनी हात वर केला. थांब म्हणाल्या. ही गोष्ट आम्हा दोघांतच होती.

कागद घेऊन पायरीवर बसल्या. समुद्राचा परिच्छेद दोनदा वाचला. मग फक्त विचारलं की हे त्याने सांगितलं की लिहिणारीने घातलं. मी खरं ते सांगितलं. शेवटी तुझ्यासाठी निरोप दिला: मी ‘सदा हसतमुख’ कधीच नव्हते, आयुष्यभर ओरडत आले, ते बदल.

तुझ्या मेव्हण्यांनी कुलूपवाल्याला बोलावून दाराला नवं कुलूप बसवून दिलं. शेजारच्या कुटुंबाला सांगून ठेवलं.

आता पुढचं तुझं तू सुचव. लिहिणारी तू आहेस.

आशीर्वादासह,
ताई


१९ मार्च

ती. ताई,

सा. न. वि. वि. सुचलं, आणि करूनही टाकलं. विचारत बसले असते तर धीर सुटला असता.

‘बदल’ म्हणाल्या ना बाई? मी सगळाच बदलला. ‘होत्या’च्या जागी ‘आहेत’ घातलं. समुद्र काढला, ओरडणं घातलं. भाच्याला वाचवल्याची गोष्ट काढून टाकली, ती त्यांची दोघांची आहे. आणि तुमच्या भागात जे दैनिक जातं त्याच्या पुरवणीसाठी दिला. तिथले संपादक माझ्याकडून स्वयंपाकघरातल्या युक्त्या लिहून घेतात, त्यांना वाटलं मला बढती हवी आहे. बाईंना फोन करून विचारलं. छाप म्हणाल्या, फोटोही स्वतःच पाठवला. बाई या घरात राहतात, घर विकायचा त्यांचा विचार नाही आणि कुठे सहलीलाही जाणार नाहीत, हे लेखात त्यांच्याच तोंडी आहे. ज्याला घर घ्यायचं आहे तो वाचेल. गाव वाचेल.

लेखाखाली नाव छापू नका असं आधी म्हटलं होतं. मग पुन्हा जाऊन छापा म्हटलं. नाव नसतं तरी लिहिणारी कोण हे इस्त्रीला कळलंच असतं, मग निदान बाकीच्यांनाही कळू दे.

उद्या अंक येईल. बॅग भरली आहे, सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघते. चार दिवस ठेवून घे. नोकरीचं बोलणार नसलीस तर आठ.

तुझी,
धाकटी


२८ मार्च

चि. लेखिकेस,

तू वयाने लहान, तेव्हा आशीर्वाद. पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे. तुझ्या ताईकडे आहेस असं कळलं म्हणून त्या पत्त्यावर पाठवते.

लेख वाचला. ठीक आहे. तलावाचं साल आता बरोबर आहे.

ज्या दिवशी अंक आला त्याच दिवशी दुपारी तो आला. किल्ली लावली, लागली नाही. मग हाक मारली. आत्या म्हणाला, लहानपणी मारायचा तशीच. मी दाराच्या आत उभी होते, मधे फक्त फळी. म्हणाला, लोकांनी तुझे कान भरले, मी फक्त पुढची सोय बघत होतो. मग रडायला लागला. खरं रडत होता की नाही, मला कळेना. लहान होता तेव्हा तलावाच्या दुसऱ्या टोकाला रडला तरी मला कळायचं. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले, आणि काढली नाही. शेजारचे बाहेर आले तेव्हा गेला.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी लिहून घेतली, आधीचा मृत्युलेख वाचला आणि म्हणाले, बाई, झालेलं तर काही नाही. नाहीच झालं. कदाचित होणारही नव्हतं. हे ‘कदाचित’ मी रोज पोहायला जाताना बरोबर नेते आणि बरोबर परत आणते. आयुष्यात मला पाण्याची भीती वाटली नव्हती. आता उथळ बाजूलाच पोहते, आणि काठावर कोण उभं आहे ते बघत राहते.

तुझ्या ताईला मी शिकवणार आहे, तिला सांग, पळवाट नाही.

तू मला लिहीत जा. काहीही लिही, गवताच्या यंत्राबद्दल लिही. मी प्रत्येक पत्राला उत्तर देईन. लोभ ठेव; आणि कधी माझं उत्तर आलं नाही, तर वाट बघत बसू नकोस, माणूस पाठवून दार ठोठावून घे.

तुझी,
पोहणारी बाई