नंबर तीनचे बुडबुडे

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून सूड. कोणाला सांगणार नाही, फक्त इथे लिहीन.
माझ्यासोबतची मेकॅनिक वर्षाली हिने मी बसवलेलं गॅस्केट, इंजिनाच्या जोडातली गळती थांबवणारी चकती, जळाल्यावर हँगरच्या फळ्यावर खिळ्याला टांगलं. खाली लिहिलं: एक्झॉस्टला सीलंट लावू नये, गॅस्केट कोरडंच बसवावं. मी बावीस वर्षं ट्रॅक्टरची इंजिनं बांधली. लाल सीलंटशिवाय गॅस्केट म्हणजे तुपाशिवाय पुरणपोळी. हिला लायसन्स मिळून दोन वर्षं झाली, आणि ही विमानाच्या इंजिनाचं मला शिकवणार. सगळं फ्लाइंग स्कूल मला हसतंय.
संकल्प: त्याच खिळ्याला तिचं गॅस्केट टांगायचं.

४ नोव्हेंबर
दिवसभर तिच्या विमानाखाली टॉर्च घेऊन. गॅस्केट गळत असलं की सिलिंडरवर पांढुरकी राख दिसते. दिसली नाही. पुसून ठेवत असणार. लबाड.

६ नोव्हेंबर, सकाळी १०
सापडली. तिचं विमान जागेवर गचके खातंय. इनटेकचं गॅस्केट हवा ओढतंय, असं मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. ते गॅस्केट तिनेच निवडलेलं.

दुपारी १२.३०
अनुप नावाच्या विद्यार्थ्याने प्रायमरचा, म्हणजे इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा नॉब नीट लॉक केला नव्हता. गॅस्केट ठणठणीत. अनुपही आता माझ्या यादीत.

७ नोव्हेंबर
नवी चाल. आमचे मेंटेनन्सचे साहेब खुशालराव यांना सुचवलं की ज्याचं गॅस्केट गळेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, तारखेसह, पर्मनंट मार्करने. म्हणाले, सविस्तर अर्ज द्या. देणारच.
गुडघा दुखतो. विमानाखाली बसून बसून. तेही तिच्याच खात्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वर्षाली अकोल्याच्या धावपट्टीवर एक विमान बघायला गेली. जाण्याआधी इथल्या विमानाच्या एक, दोन आणि चार नंबरच्या सिलिंडरची एक्झॉस्ट गॅस्केट तिने बदलली. तीन नंबर माझ्यासाठी सोडला, वर चिठ्ठी: धातूचंच गॅस्केट घ्या, कोरडं बसवा, इंजिन चालवा, गार झालं की नट टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत पुन्हा आवळा.
मला चिठ्ठी!
बसवलं. कोरडंच बसवलं, शत्रूच्या हाती पुरावा नको. इंजिन चालवलं. गार व्हायला दीड तास, म्हणून अर्ज लिहायला बसलो. असा काही रंग चढला की तीन पानं झाली. मुद्दा पाचवा फार झोंबणारा आहे: काही कर्मचारी घाईत काम अर्धवट सोडून जातात. मान वर केली तर घरी जायच्या, चांदूर रेल्वेच्या गाडीची वेळ. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला, कामाच्या कागदावर सही ठोकली आणि पळालो.
समाधानाचा दिवस.

१३ नोव्हेंबर
अर्ज मंजूर! राजापेठेतून मार्कर आणला. जाड, काळा, रॉकेलनेही न पुसणारा. घरी बायकोने, दुर्गाने विचारलं, कोणाचं नाव लिहायचं आहे? मी नुसता हसलो.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
आज निकाल. साहेबांकडे त्याच विमानाची जाहीर तपासणी मागितली, मिळाली. घरचा व्हॅक्युम क्लीनर घेऊन निघालोय. उलटा जोडून एक्झॉस्टच्या नळीत हवा फुंकायची, जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा आला की वर्षाली संपली.

सायंकाळी ६
सगळे जमले होते. माझ्याच आग्रहाने.
एक नंबर: काही नाही. दोन: नाही. चार: तिथे तर दोनदा पाणी मारलं, नाही. मी सामान आवरायला लागलो.
साहेब म्हणाले, "देवराव, तीनले कावून सोडलं?"
मी म्हणालो, तो माझा आहे, तिथे प्रश्नच नाही.
त्यांनी स्वतः पाणी मारलं. कपडे धुताना यावा तसा फेस.
नट बोटाने फिरत होते. चिठ्ठी अजून माझ्या खिशात होती.
हसेल कोणीतरी, म्हणून मी मान खाली घातली. कोणी हसलं नाही. मग कळलं की उद्या अनुप हेच विमान पहिल्यांदा एकटा अकोल्याला घेऊन जाणार होता. तो माझ्याकडे बघत होता.
साहेबांनी माझाच अर्ज वाचून दाखवला, पाचव्या मुद्द्यासकट. अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर मलाच लिहायला लावलं.
वर्षाली टोपण उघडून मार्कर देताना हळूच म्हणाली, "काका, पयल्या गॅस्केटखाली म्या नाव मुद्दामच नवतं लिवलं. ते तुमचं हाय, हे कोनाले मालूमबी नवतं."
लिहिलं. देवराव, १४ नोव्हेंबर. मार्कर उत्तम चालतो.
उद्या सकाळी पहिलं काम तीन नंबर. नवं गॅस्केट. इंजिन गार होईपर्यंत शेजारीच बसायचं, वही-पेन घरी ठेवून.