डावखुऱ्या हाताचा गिलावा

ती. बाबा,
तुम्हा दोघांना वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. फक्त एकटीपुरता भात किती लावायचा ते अजून जमत नाही. आईचा गुडघा कसा आहे?

जुन्या इमारती जतन करायचं शिक्षण म्हणजे सध्या भिंती खरवडणं. काल रंगाखाली दीडशे वर्षांचा चुन्याचा गिलावा निघाला. थापीचे फटकारे बघून मी म्हणाले, "हा गवंडी डावखुरा होता."

सरांनी विचारलं, "कशावरून?"

"माझे बाबा डावखुरे गवंडी आहेत."

मग सर तुमच्याबद्दल विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. इथे आल्यापासून कुणाशी एवढं बोललेच नव्हते. सगळे गेल्यावर त्या भिंतीपाशी बसून डबा खाल्ला आणि थोडी रडले. आईला वाचून दाखवताना एवढं वाक्य गाळा.

तुमचीच,
धाकटी